मोटरहोमने न्यूझीलंड: दोन्ही बेटं नकोत, एकच कोपरा निवांत करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्नाशी ओलांडलेलं जोडपं, फेब्रुवारी-मार्चमधले १६ दिवस, मोटरहोम, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, पहिल्यांदाच. मिस्टरांना मासळी प्रिय, तुम्ही शाकाहारी, वाइन दोघांनाही चाखून बघायची आहे. कयाक तारकर्लीला तासभर चालवली आहे, तीही खाडीच्या संथ पाण्यात. आणि ऑकलंडपासून क्वीन्सटाउनपर्यंत दोन्ही बेटं 'निवांत' करायची आहेत.

दोन्ही बेटं होतील, निवांतपणा होणार नाही. ऑकलंड ते क्वीन्सटाउन हे अंतर जवळजवळ दीड हजार किलोमीटर आहे, मध्ये सामुद्रधुनी ओलांडणारी साडेतीन तासांची फेरी बोट वेगळीच. नकाशावरचे तास कारचे असतात. मोटरहोमला वळणावळणाच्या रस्त्यावर त्याच्या सव्वा-दीडपट वेळ सहज लागतो. वर रोज संध्याकाळी नवी जागा शोधायची, वीज जोडायची, पाणी भरायचं, सकाळी सगळं सोडवून पुन्हा निघायचं. मी दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला कयाक गाइड आहे. धावपळीत आलेली जोडपी मला किनाऱ्यावर लांबूनच ओळखू येतात. 'किती वेळ लागेल? संध्याकाळपर्यंत आम्हाला अमुक ठिकाणी पोचायचंय,' हे त्यांचं पहिलं वाक्य असतं, आणि भरती त्यांच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: दक्षिण बेटाचा वरचा भाग घ्या आणि बाकीचा देश पुढच्या खेपेला ठेवा. ख्राइस्टचर्चला गाडी घ्या, पूर्व किनाऱ्याने काइकोरा, मार्लबरो, हॅवलॉक, नेल्सन, मारहाऊ असं जा आणि लुईस पासच्या डोंगरातून परत ख्राइस्टचर्चला या. सगळं मिळून हजार-अकराशे किलोमीटर होतात. सिंगापूरहून ख्राइस्टचर्चला थेट विमान आहे, त्यामुळे ऑकलंडला उतरण्याचीही गरज नाही.

आणि एक नियम पाळा. गाडी चालवायचा दिवस, वल्हं मारायचा दिवस आणि चाखायचा दिवस हे तीन वेगळे दिवस. सकाळी चार ठिकाणी वाइन चाखून दुपारी स्टिअरिंग धरणं कायद्यात बसत नाही. पाच तास वल्हं मारून मग डोंगरातला रस्ता पकडला तर खांदे आणि डोळे दोन्ही साथ सोडतात. आणि सकाळी दोनशे किलोमीटर चालवून कयाकला येणाऱ्यांची भरती हमखास चुकते. बाकी सगळं नियोजन या एका नियमावरून आपोआप सुटत जातं.

तुम्ही निवडलेले महिने उत्तम आहेत. इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत शाळांना सुट्या असतात, तेव्हा किनाऱ्यावरची प्रत्येक जागा भरलेली. ६ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुटीनंतर गर्दी ओसरते, समुद्राचं पाणी तेव्हाच सगळ्यात उबदार असतं, हवा बरीच स्थिरावलेली. मार्चमध्ये द्राक्षांची तोडणी सुरू होते. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा, असं मी माझ्या भावंडांनाही सांगेन. भारतीय पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा लागतो, तो वेळेत करून ठेवा.

आता गाडी. दोघांना दोन बर्थची पुरे. 'जरा ऐसपैस हवी' म्हणून चार-सहा बर्थची घेऊ नका. मोठी गाडी म्हणजे पार्किंगची पंचाईत, वाऱ्यात डुलणं, आणि साडेतीन हजार किलोंच्या वर वजन गेलं की वेगमर्यादा ताशी १०० ऐवजी ९०. मात्र आत उभं राहता येईल एवढी उंची आणि बसवलेलं टॉयलेट, या दोन गोष्टींवर तडजोड नको. टॉयलेटचा मुद्दा फक्त सोयीचा नाही. इथे रस्त्याकडेच्या सार्वजनिक जागेत फुकट मुक्काम करायचा तर गाडी 'सेल्फ-कंटेंड' असल्याचं प्रमाणपत्र लागतं: तीन दिवसांचं पाणी आणि तीन दिवसांचं सांडपाणी गाडीतच मावलं पाहिजे. २०२३ च्या कायद्यानंतर हे प्रमाणपत्र फक्त पक्कं बसवलेलं टॉयलेट असलेल्या गाडीलाच मिळतं, घडीचं चालत नाही. काचेवर हिरवा कागद लावलेला आहे ना, हे गाडी ताब्यात घेताना बघा. तो असला तरी कुठेही थांबता येतं असं नाही. प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे, आणि दंड शेकडो डॉलरांत असतो. जागा शोधायला 'कॅम्परमेट' हे अॅप इथले लोकही वापरतात.

तुमच्यासाठी मी फुकटच्या जागांचा फार सोस धरू नका असंच म्हणेन. तीन प्रकारच्या जागा आलटून पालटून घ्या. हॉलिडे पार्क म्हणजे वीज, गरम पाण्याचे शॉवर, कपडे धुवायचं मशीन आणि मोठं सामायिक स्वयंपाकघर. संवर्धन खात्याची म्हणजे 'डॉक'ची मैदानं साधी असतात, बऱ्याचदा फक्त नळ आणि संडास, पण जागा अशा की पाय निघत नाही. आणि अधूनमधून एखादी फुकटची. दर दोन-तीन रात्रींनी एकदा विजेची जागा घेतली की बॅटरी, पाणी, कपडे सगळं मार्गी लागतं.

भाडेकरारात दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. तुमचं लायसन्स इंग्रजीत छापलेलं असेल तर तेच चालतं. इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे अर्धी भीती तिथेच संपते. उरलेल्या अर्ध्या भीतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: एकेरी पूल. राज्य महामार्गावरसुद्धा एकाच गाडीपुरते पूल येतात. गोल लाल कडेच्या पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा असेल तर मान तुमचा, तरीही पलीकडे नजर टाकूनच चढायचं. आणि मागे गाड्यांची रांग लागली की पहिल्या मोकळ्या जागी डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्या. इथे हॉर्न क्वचितच वाजतो, त्यामुळे मागचे वैतागलेत हे तुम्हाला आरशातच बघावं लागेल.

विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. बऱ्याच कंपन्याच लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी देत नाहीत किंवा देताना कां-कूं करतात, आणि ते योग्यच आहे. एक रात्र ख्राइस्टचर्चच्या हॉटेलात झोपा. दुसऱ्या दिवशी गाडी घेतल्यावर तिथल्याच आवारात अर्धा तास उभं राहून सगळं चालवून बघा: गॅसचा कॉक, पाण्याचा पंप, हीटर, टॉयलेटची कॅसेट (मैला साठवणारी सुटी टाकी) बाहेर काढणं-बसवणं, पलंग उघडणं. माहितीचा व्हिडिओ दाखवतात, पण हाताने केल्याशिवाय काही लक्षात राहत नाही. मसाले, डाळी, तांदूळ शहरातल्या भारतीय दुकानांत मिळतात. ते इथेच घ्या.

कारण विमानतळावरची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे. चकली-चिवडा, पॅकबंद मसाला असं काही आणलंत तर प्रवेशाच्या अर्जावर खाद्यपदार्थ 'आहेत' असंच लिहा. लिहिलेलं असेल तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. दुधाची मिठाई, मध, फळं, बिया सरळ घरी ठेवा. ट्रेकिंगचे बूट आणत असाल तर तळव्याची माती घासून धुऊन आणा, तेही बघतात.

पहिला टप्पा काइकोरा, ख्राइस्टचर्चहून १८० किलोमीटर. तिथे दोन रात्री. किनाऱ्यापासून अगदी जवळ समुद्राचा तळ एकदम खोल जातो, हजार मीटरपेक्षाही खाली, म्हणून स्पर्म व्हेल बाराही महिने तिथे असतात. नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात इथला समुद्रतळ जागोजागी वर उचलला गेला आणि किनाऱ्याचा महामार्ग वर्षभर बंद होता. रस्त्यालगत खडक उघडे पडलेले दिसतील ते त्याचेच. मिस्टरांसाठी इथे क्रेफिश, म्हणजे नांग्या नसलेला आपला शेवंडच म्हणा. महाग असतो. रस्त्याकडेच्या टपरीवर अर्धा घेऊन लसूण-लोण्यात भाजलेला खा, हॉटेलात बसायची गरज नाही. कयाकचं म्हणाल तर काइकोराला गाइडशिवाय पाण्यात उतरू नका. हा उघडा प्रशांत महासागर आहे, लाट लांबून येते. सील जवळ येतात तेव्हा मोह होतो, पण त्यांच्यापासून २० मीटर लांब राहायचं असतं. जमिनीवर पहुडलेला सील आणि समुद्र यांच्या मध्ये कधीच येऊ नका. तो दिसतो त्यापेक्षा खूप चपळ असतो.

मग मार्लबरो, तीन रात्री. ब्लेनिमजवळच्या रेनविक गावात गाडी लावा आणि तिची किल्ली खिशातून काढूच नका. सपाट वाइराऊ खोऱ्यात द्राक्षमळे एकमेकांना लागून आहेत आणि सायकली भाड्याने मिळतात. सायकल नको तर दिवसभर फिरवून आणणारी टूरची गाडी घ्या. कायदा असा: वीस वर्षांवरच्या चालकाला १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा. ऐकायला सैल वाटते, पण 'दोन घोट इथे, तीन घोट तिथे' करत ती कधी ओलांडली गेली हे कळत नाही, आणि पोलिस कुठेही थांबवून कुणाचीही तपासणी करू शकतात.

चाखण्याबद्दल थोडं. १९७३ मध्ये इथे मोठ्या प्रमाणावर द्राक्षवेली लावायला सुरुवात झाली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता. आज देशाच्या वाइनचा फार मोठा हिस्सा याच एका भागातून येतो, त्यातही सोव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाइन. नदीने वाहून आणलेली दगड-गोट्यांची जमीन, भरपूर ऊन आणि थंडगार रात्री, यामुळे द्राक्ष पिकतं तरी त्याचा आंबटपणा टिकतो. पहिल्या घोटाला तुम्हाला कैरी किंवा ताजं कापलेलं गवत आठवलं तर ते बरोबर आहे. दिवसाला तीन ठिकाणं, फार तर चार. पाचव्या ठिकाणी जीभ बोथट झालेली असते आणि सगळ्याच वाइन छान लागतात. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीही गैर नाही, तिथे काम करणारे स्वतः तेच करतात. बऱ्याच ठिकाणी चाखण्याचे पैसे घेतात आणि बाटली घेतली तर ते सोडून देतात. मधल्या ठिकाणी जेवा. रिकाम्या पोटी सुरुवात करणाऱ्यांची दुपार झोपेत जाते.

तुमच्यासाठी म्हणजे शाकाहारी माणसासाठी एक सूचना. अशा ठिकाणी बशीत चीज येतंच. पारंपरिक पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट वापरतात. इथल्या अनेक चीजमध्ये ते नसतं, पण 'हे व्हेजिटेरियन रेनेटचं आहे का' असं विचारायला लाजू नका, लोक आनंदाने सांगतात. सूप शाकाहारी दिसलं तरी त्याचं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. तेही विचारा.

रेनविकहून हॅवलॉक जवळच आहे. इथल्या हिरव्या ओठांच्या शिंपल्या जगभर जातात. कोकणात खडकावरचे शिनाणे खाल्ले असतील तर ओळख पटेल, फक्त या आकाराने दणदणीत. मार्लबरो साउंड्स म्हणजे समुद्राने गिळलेल्या नदीखोऱ्यांच्या लांबच लांब बोटांमध्ये त्या दोरांवर वाढवतात. मिस्टरांनी एकदा हॉटेलात खाव्यात आणि एकदा स्वतः शिजवाव्यात. सुपरमार्केटमध्ये पाण्याच्या फवाऱ्याखाली जिवंत मिळतात, किलोवर. फुटलेल्या आणि टकटक केल्यावरही न मिटणाऱ्या टाकून द्या, कडेचे धागे ओढून काढा, झाकण लावून वाफवा. उघडल्या की झाल्या, चार-पाच मिनिटांचं काम. नारळाचं दूध आणि मालवणी मसाला घातला तर काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. मात्र हे गाडीत करू नका. वास तीन दिवस गाद्यांतून जात नाही आणि वाफेने काचा गळायला लागतात. कॅम्पच्या सामायिक शेगडीवर करा. फोडणीलाही हाच नियम: मोहरी तडतडली की गाडीतला धुराचा अलार्म बोंब मारणार हे ठरलेलं, आणि तो बंद करून ठेवणं हा उपाय नाही.

किनाऱ्यावरच्या शिंपल्या स्वतः वेचायचा मोह आवरा. काही वेळा सूक्ष्म शैवालांमुळे त्यांच्यात विष साठतं. ते शिजवून जात नाही आणि चवीला कळतही नाही. सरकार त्या-त्या किनाऱ्यासाठी इशारे काढतं, ते बघितल्याशिवाय एकही उचलू नये.

हॅवलॉकहून नेल्सनकडे जाताना पेलोरस ब्रिजला एक रात्र थांबा. डॉकचं मैदान, बीच जातीची जुनी झाडं आणि काचेसारखी हिरवी नदी. नेल्सनला शनिवारी सकाळी पोचाल असं जमवा, कारण मॉन्टगोमेरी चौकातला बाजार शनिवारी भरतो. पुढच्या आठवड्याची भाजी, पाव, चीज, फळं तिथेच घ्या. मोटुएका-रिवाका भागात बिअरला लागणाऱ्या हॉप्सची शेती आहे, उंच तारांवर चढवलेल्या वेलींची. मार्चच्या सुरुवातीला कापणी चालू असेल तर हवेतच तो कडवट वास येतो. रस्त्याकडेला फळांच्या छोट्या मांडण्या दिसतील, विकायला कुणीही नसतं, एक पैशाची पेटी असते. म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ते मारहाऊ. इथे चार रात्री ठेवा, एकही कमी करू नका. हे एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाचं दक्षिणेकडचं दार. १९४२ मध्ये स्थापन झालेलं हे देशातलं सगळ्यात लहान राष्ट्रीय उद्यान. सोनेरी वाळूचे छोटे छोटे किनारे, मध्ये ग्रॅनाइटचे खडक, वर जंगल. त्यातला आवारोआचा एक किनारा खासगी मालकीचा होता. २०१६ मध्ये तो विकायला निघाला तेव्हा जवळपास ४० हजार लोकांनी वर्गणी काढून तो विकत घेतला आणि उद्यानाला देऊन टाकला.

चार रात्री का, तर समुद्र रोज तुमच्या सोयीचा नसतो. चारांपैकी दोन दिवस चांगले मिळाले तरी काम झालं. एखादा दिवस पाऊस-वाऱ्याचा निघाला तर गाडीत चहा घेऊन वाचत पडा, नाहीतर किनाऱ्याच्या पायवाटेवर चालायला जा. मारहाऊ ते अँकरेज १२ किलोमीटर आहे, बऱ्यापैकी सोपी वाट, आणि परत यायला वॉटर टॅक्सी मिळते.

पहिल्या दिवशी गाइडबरोबर अर्ध्या दिवसाची फेरी करा. तारकर्लीचा अनुभव चांगला आहे, पण तिथे तुम्ही बहुतेक उघड्या, वर बसायच्या कयाकमध्ये होतात. इथे पाय आत घालून बसायची लांब सी-कयाक असते, कमरेभोवती पाणी अडवणारा पडदा ताणून बसवतात. उलटली तर तो पडदा पुढच्या पट्ट्याला धरून ओढायचा आणि बाहेर सरकायचं, एवढी एक गोष्ट गाइडकडून किनाऱ्यावर दोनदा करून घ्या. दुहेरी कयाक सहसा उलटत नाही, पण हात त्या पट्ट्यापर्यंत आपोआप गेला पाहिजे.

दुहेरी कयाकला आमच्या धंद्यात गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात. भांडणाचं कारण नेहमी एकच: मागचा पुढच्याला सूचना देत राहतो. पुढे बसलेल्याने लय ठरवायची, मागच्याने ती पाळायची आणि पायाने सुकाणू सांभाळायचं. म्हणजे मागच्याने दिशेकडे बघायचं, पुढच्याच्या वल्ह्याकडे नाही. तुमच्या दोघांत ज्याचा दम कमी त्याला पुढे बसवा, म्हणजे लय आपोआप झेपेल अशी राहते. वल्हं हाताने ओढू नका, कमरेपासून धड वळवा आणि पायाने आतल्या आधाराला रेटा द्या. हाताने ओढणाऱ्यांचे दंड तासाभरात भरून येतात. धडाने मारणारी साठीची माणसं मी जेवणाच्या सुटीपर्यंत गप्पा मारत जाताना बघतो. मूठ सैल ठेवा, तळहाताला फोड येतो तो घट्ट धरल्याने.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एकतर्फी बेत आखा: सकाळी वॉटर टॅक्सी कयाकसकट उत्तरेला नेऊन सोडते आणि तुम्ही वल्हवत परत येता, किंवा जाताना वल्हवता आणि येताना टॅक्सी. यात परतीची कटकट राहत नाही. टोंगा बेटाच्या आसपास १९९३ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे सील हमखास दिसतात, ते बघायचं तर बार्क बेच्या उत्तरेकडून सुरुवात करा. गाइडशिवाय भाड्याने कयाक घेता येते, पण बऱ्याच कंपन्या एकट्याला देत नाहीत आणि आधी सराव करून घेतात. पहिल्या दिवशी जमलं आणि अंदाज चांगला असेल तर ती घ्या. नाहीतर दुसऱ्यांदाही गाइड घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

भरती-ओहोटीचं कोष्टक मारहाऊच्या मुक्कामात घड्याळाइतकं महत्त्वाचं. उधाणाच्या दिवसांत इथे साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. मारहाऊचा किनारा उथळ आहे, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की वॉटर टॅक्सी ट्रॅक्टरने ओढून पाण्यापर्यंत नेतात. गावातून होडीत बसून ट्रॅक्टरमागे रस्त्याने जाणं हा भाग मिस्टर घरी सगळ्यांना सांगतील. जेवायला किनाऱ्यावर थांबलात की कयाक भरतीच्या रेषेच्या वर उचलून ठेवा आणि दोर बांधा, समोर पाणी कितीही लांब दिसत असलं तरी. आणि खाड्यांमध्ये आत शिरायचं तर भरतीच्या वेळीच. पाणी उतरताना आत राहिलात तर सहा तास चिखलात बसून राहाल. भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत हा सगळा हिशेब जरा सैल असतो. तारखा हातात असतील तर मारहाऊचा मुक्काम अष्टमीच्या आसपास येईल असा बघा.

वाऱ्याचं गणितही तसं सोपं. उन्हाळ्यात सकाळ शांत, दुपारी खारे वारे सुटतात. उत्तरेकडून येतात, आणि लाटा बघता बघता टोकदार होतात. म्हणून आठ वाजता पाण्यात, एक-दीडपर्यंत बाहेर. उत्तरेहून दक्षिणेकडे येत असाल तर दुपारचा वारा पाठीवर येतो, एकतर्फी बेत त्याच दिशेने आखायला हे आणखी एक कारण. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला तर नवख्याने जवळच्या किनाऱ्याला लागायचं, चर्चा नको. याहून फसवा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो. किनाऱ्यालगत डोंगराच्या आडोशाला पाणी अगदी सपाट दिसतं, आणि शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलात की परत येणं अवघड होतं. पश्चिमेचा जोरदार वारा सांगितलेला असेल त्या दिवशी चालायला जा. हवामान खात्याचा समुद्रासाठीचा वेगळा अंदाज असतो, तो बघा, शहराचा नाही.

ऊन इथे जाळतं. हवा गार लागते म्हणून कळत नाही, पण अतिनील किरणांचा मारा फार जोरदार असतो. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा शर्ट, कानझाकी टोपी, हाताच्या पाठीला क्रीम. सुती कपडे पाण्यात नकोत, ओले झाले की अंग गारठतं. प्रत्येकी दोन लिटर पाणी. आणि संध्याकाळी पाण्याकाठी बारीक काळ्या माश्या चावतात, सँडफ्लाय. खाज आठवडाभर जात नाही. घोट्यांना औषध लावा आणि पायमोजे घाला, त्यांना घोटेच आवडतात.

चौथ्या दिवशी गाडी मारहाऊलाच ठेवून टाकाका डोंगर ओलांडायला छोटी कार किंवा बस मिळाली तर उत्तम. मोटरहोमने जाता येतं, पण घाट ७९१ मीटरवर चढतो आणि वळणं संपत नाहीत. पलीकडे 'ते वाइकोरोपुपू' नावाचे झरे आहेत, सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर पाणी, आणि ते इतकं नितळ की ६३ मीटर लांबचं दिसतं असं मोजलेलं आहे. माओरी लोकांसाठी ते पवित्र आहे, पाण्याला हातही लावायचा नसतो. पलीकडून तोतारानुईला जाणारा कच्चा अरुंद रस्ता मात्र मोटरहोमने टाळा. बऱ्याच भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही.

परतीला सेंट आर्नोडजवळ रोटोइटी तळ्याकाठी दोन रात्री. समुद्रानंतर गोड्या पाण्यात वल्हं मारणं फार हलकं वाटतं, आणि धक्क्याखाली हाताच्या जाडीचे ईल मासे फिरताना दिसतात. त्यांना खायला घालू नका. तुमच्याकडे स्वतःचं काही सामान असेल, पाण्यातले बूट वगैरे, तर एका पाण्यातून दुसऱ्यात जाताना धुऊन पूर्ण वाळवा. २००४ मध्ये दक्षिण बेटावर डिडिमो नावाचं शैवाल सापडलं, आणि ते ओल्या बुटातूनही एका नदीतून दुसरीकडे जातं. मग मर्चिसनमार्गे लुईस पास, वाटेत हॅनमर स्प्रिंग्जच्या गरम कुंडात खांदे शेकायला एक रात्र, आणि ख्राइस्टचर्च. ख्राइस्टचर्चची पहिली, काइकोराच्या दोन, रेनविकच्या तीन, पेलोरसची एक, नेल्सनची एक, मारहाऊच्या चार, तळ्याकाठच्या दोन आणि ही शेवटची धरून १५ रात्री होतात. पाऊस फारच लागला आणि रस्ते बंद झाले तर तळं सोडा, मारहाऊ सोडू नका. २०१८ च्या फेब्रुवारीत वादळाने टाकाका घाट खचून पलीकडची गावं रस्त्याने तुटली होती, तेव्हा निघायच्या सकाळी रस्त्यांची स्थिती बघायची सवय लावा.

गाडीतल्या कामांची वाटणी पहिल्याच दिवशी करा: एकाने पाणी-वीज, दुसऱ्याने गॅस आणि आतलं सामान बांधणं. टॉयलेटची कॅसेट भरायची वाट न बघता दर दोन दिवसांनी ठरलेल्या डंप स्टेशनवर, म्हणजे मैला-सांडपाणी ओतायच्या जागी, रिकामी करा, आळीपाळीने. हे काम कायम एकाच्याच गळ्यात पडलं तर प्रवासाच्या उत्तरार्धात त्याचे पडसाद उमटतात.

गाडी परत करायच्या आदल्या संध्याकाळी कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करा, आत झाडून घ्या. सकाळी डिझेल आणि गॅसची टाकी भरून पावत्या जपून ठेवा. आणि डिझेल गाडी असेल तर हिशेबात प्रत्येक किलोमीटरमागे रस्ता-वापर आकार वेगळा लावतात, तो इथे पंपावरच्या डिझेलच्या दरात धरलेला नसतो. बुकिंग करतानाच त्याचा दर विचारून ठेवा.